रॉकेटच्या पोटात दोरी बांधताना

रॉकेट वर गेलं, मस्त सरळ गेलं, वरती पुक्क करून बारीकसा आवाज आला, नाक सुटलं, केशरी पॅराशूट उघडलं, आम्ही सगळे बोंबलायला लागलो आणि चार-पाच सेकंदांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की पॅराशूटखाली नुसतं नाकच लटकतंय. धड कुठंय? धड मागे आडवं-तिडवं गरगरत येत होतं, ते बांधावरच्या दगडांवर आपटलं, एक पंख तुटला, नळी मधोमध चेपली. नाक मात्र वाऱ्यावर आरामात तीन शेतं ओलांडून एका बाभळीवर जाऊन बसलं, ते काढताना माझा शर्ट फाटला तो वेगळा.

हे मागच्या मार्चमधलं. जळगावजवळ आमच्या कॉलेजमागे कपाशी उपटून रान मोकळं झालं होतं, बाहेरून वर्कशॉप घ्यायला आलेल्या लोकांनी परवानग्या आणि छोट्या मोटरी (म्हणजे दारू भरलेल्या नळ्या, त्या जळून रॉकेट वर नेतात) आणल्या होत्या, आम्ही फक्त रॉकेट बांधायचं होतं. बांधलं. आणि नाक आणि धड एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या दोरीचं काम माझ्याकडे होतं, म्हणून हे सगळं मी लिहितोय.

बाभळीवरून काढलेल्या नाकाला पॅराशूट जोडलेलं होतं, दोरी जोडलेली होती, आणि दोरीच्या खालच्या टोकाला वाळलेल्या एपॉक्सीची, म्हणजे कालवून लावायच्या कडक गोंदाची, रुपयाएवढी चकती होती. चकतीची मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे दोरी तुटली नव्हती, एपॉक्सी पण फुटलं नव्हतं, ते नळीच्या आतल्या चिकण्या कागदाला धरलंच नव्हतं, केळीचं साल निघावं तसं अलगद निघून आलं. मी काय केलं होतं, तर ५ मिनिटांत वाळणारं एपॉक्सी नळीत बोटानं लावून त्यात दोरीचं टोक दाबलं होतं. घासलं नव्हतं, पुसलं पण नव्हतं. वर सगळ्यांना सांगितलं होतं की एकदम टाईट बसलीय.

यात माझी एक गैरसमजूत होती. लहान रॉकेटच्या किटमध्ये दोरी कशी लावतात तर कागदाची एक पट्टी घ्यायची, तिला दोन घड्या घालून मध्ये दोरी अडकवायची, गोंद लावायचा आणि ती घडी नळीत आत चिकटवायची. शंभरेक ग्रॅमचं रॉकेट असेल तर हे झकास चालतं, जगभर पोरांनी अशी रॉकेटं उडवलीत. (मॉडेल रॉकेट मुळात बनवलं १९५४ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या ऑरव्हिल कार्लाईलनं, आणि त्याचं चपला-बुटांचं दुकान होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) माझ्या डोक्यात हिशोब असा की मोठं रॉकेट म्हणजे मोठी पट्टी आणि जास्त गोंद. तसं नसतं.

कारण पुढचं रॉकेट खरंच मोठं होतं. देशपातळीवरच्या विद्यार्थी स्पर्धेत आमचा नंबर लागला होता, मोटर आयोजक देणार, त्यांच्या मैदानावर, त्यांच्याच माणसांच्या हातून भरली जाणार. मोटरींचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी चालतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकद दुप्पट होते, एच वर्ग १६० ते ३२० न्यूटन-सेकंद (मोटरचा एकूण जोर यात मोजतात), आय वर्ग ३२० ते ६४०, आणि एचपासून पुढे त्याला हाय-पॉवर म्हणतात. अमेरिकेत तर एच उडवायला आधी क्लबचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्या परीक्षेत रॉकेट नुसतं वर जाऊन भागत नाही, धडधाकट खाली यावं लागतं. आमची मोटर आय वर्गाची होती.

मग बसून गणित केलं. मोटर जळाल्यावर आमचं धड साधारण ३ किलोचं. सगळ्यात वरच्या बिंदूवर पॅराशूट निघालं तर वेग जवळपास शून्य, काही टेन्शन नाही. पण २ सेकंद उशीर झाला की रॉकेट सेकंदाला २० मीटरनं खाली सुटलेलं असतं आणि ३ किलो, २० मीटर म्हणजे ६०० ज्यूल. ही सगळी ताकद दोरीनं ३० सेंटिमीटर ताणून खाल्ली तर झटका २००० न्यूटनचा, म्हणजे २०० किलो टांगल्यासारखा. दोरी ताठ असली आणि ६ सेंटिमीटरच ताणली तर तोच झटका १ टनाचा. पॅराशूट काही एका क्षणात पूर्ण उघडत नाही त्यामुळे खरा आकडा याच्यापेक्षा कमी येतो, तरी पण कागदाची पट्टी या गणितात कुठंच बसत नव्हती.

त्या रविवारी गावी गेलो होतो, पारोळा तालुक्यात. तुटकी नळी सोबत नेली होती, ओट्यावर ठेवून बघत बसलो होतो तर नाना आले, माझे आजोबा. हाई काय शे म्हणून विचारलं, मी सांगितलं रॉकेट, यात मोटर असते, ती वर नेते. नाना गंभीरपणे म्हणाले, "मोटर कितली एचपीनी शे?" आता यावर काय बोलणार. आमच्याकडे मोटर म्हणजे पाण्याचीच.

पण मग मी दोरीचं सांगितलं तसे ते खाली बसले. आमची पाणबुडी मोटर बोरमध्ये दोरावर सोडलेली आहे आणि बोरमध्ये मोटर पडणं काय असतं ते ज्याच्या घरी पडलीय त्यालाच माहीत, सहा इंची भोक, खाली अंधार, हात जात नाही, गाडी बोलवा, आकडे सोडा, निघाली तर निघाली नाहीतर बोरच गेला. नानांनी आयुष्यात दोनदा मोटर घालवलीय. त्यांनी माझ्या दोरीचं टोक हातात घेतलं, चकती बघितली, हसले आणि म्हणाले, "दोर तुटत नही रे भाऊ, गाठवर तुटस. नही ते जठे बांधेल ऱ्हास तठून निघस." आणि दुसरं म्हणाले ते असं की मोटर बोरच्या बाहेर जमिनीवर असते तेव्हाच काय बांधायचं ते बांधून घ्यावं, सोडल्यावर नाही. पुढचे तीन महिने आम्ही जे काही केलं ते या दोन वाक्यांतच होतं, फक्त ते कळायला आम्हाला तीन महिने लागले.

आता जरा बांधणी सांगतो. बाहेरची नळी चार इंची, आतून ९८ मिलिमीटर. तिच्या मध्ये खालच्या बाजूला मोटरची नळी, ती बाहेरून ४१ मिलिमीटर. या दोन नळ्यांना एकमेकींत धरून ठेवतात प्लायच्या गोल चकत्या, मध्ये भोक असलेल्या, त्यांना सेंटरिंग रिंग म्हणतात. दोरी चिकटवायची नाही, दोरी या सगळ्यात वरच्या रिंगला बांधायची, कारण ती रिंग मोटरच्या नळीला पण चिकटलेली असते आणि बाहेरच्या नळीला पण, झटका दोन्हीकडे वाटला जातो. आमची रिंग ६ मिलिमीटर प्लायची होती, एमआयडीसीतून लेझरनं कापून आणली.

बांधायचे दोन मार्ग. एक म्हणजे केवलारची, म्हणजे आगीत न वितळणाऱ्या चिवट धाग्याची, दोरी मोटरच्या नळीभोवतीच गुंडाळून, रिंगला खाच पाडून वर काढायची आणि सगळं एपॉक्सीत बुडवायचं. हलकं आणि स्वस्त, बरेच जण हेच करतात. पण दोरी खालून जळाली किंवा घासली तर बदलता येत नाही, अख्खं रॉकेट बाद. दुसरा मार्ग रिंगमध्ये बोल्ट बसवायचा आणि दोरी त्याला अडकवायची. आम्ही बोल्ट घेतला.

पहिला बोल्ट म्हणजे साधा आय बोल्ट, तार वाकवून डोळा केलेला, डोळ्याचं तोंड वेल्ड न केलेलं. दिसायला दणकट. वर्कशॉपच्या गर्डरला रिंग आवळली, दोरी बांधली, दोरीला वाळू भरलेला पाईप बांधला, १० किलोचा, आणि ३ मीटरवरून सोडून दिला. म्हणजे ३०० ज्यूल, आमच्या अंदाजाच्या निम्मा. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा डोळा जरा लांबट दिसायला लागला, तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि पाईप लादीवर. लादीची जी काही किंमत होती ती आमच्या एचओडींनी अजून सांगितलेली नाही, मी पण विचारलेलं नाही.

मग यू बोल्ट आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. जळगाव म्हणजे पाईपांचं गाव, त्यामुळे यू बोल्ट मागितला की पहिला प्रश्न, किती इंची पाईपला? म्हटलं पाईपला नाही. मग कशाला? म्हटलं दोरी अडकवायची. तो म्हणे मग हूक घ्या ना भो. शेवटी म्हटलं अर्धा इंची, आणि ६ मिलिमीटर गजाचा यू बोल्ट मिळाला, सोबत नायलॉक नट, म्हणजे ज्याच्यात आत नायलॉनचं कडं असतं आणि हादऱ्यानं सुटत नाही तो. रिंगवर बसवताना कळलं की दोन नळ्यांमधली जागा जेमतेम साडेअठ्ठावीस मिलिमीटर आहे आणि यू आडवा ३५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे केंद्राकडे तोंड करून बसतच नाही. रिंगच्या गोलाईच्या दिशेनं फिरवला तेव्हा बसला. खाली नटांच्या आणि प्लायच्या मध्ये लोखंडी पट्टी टाकली, नाहीतर झटक्याला नट लाकडात रुततो. नट आवळून वरून एपॉक्सीचा थेंब पण टाकला. ही रिंग आम्ही वीस वेळा आपटली, पट्टीखाली प्लायवर नुसता ठसा उमटला, बाकी काही नाही.

दोरीचं सांगतो. रॉकेट १.९ मीटर लांब, दोरी लांबीच्या तीन ते पाच पट ठेवायचा रिवाज आहे, आम्ही साडेसात मीटर धरली. आखूड दोरीला झटका जास्त बसतो, वर नाक परत येऊन धडावर आपटतं. खालचा एक मीटर केवलार, पुढं पोकळ विणीचा नायलॉन पट्टा. असं का, तर पॅराशूट बाहेर ढकलायला जी दारू उडते तिची आग खालच्या टोकापाशी असते आणि नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, केवलार वितळत नाही, चारशेच्या वर गेलं तर काळं पडत जळतं. पण केवलार ताणत नाही, तुटेपर्यंत जेमतेम तीन-चार टक्के, म्हणून झटका खायला नायलॉन. केवलारचा शोध स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ मध्ये लावला, डूपॉन्टमध्ये, आणि ते कापताना माझ्या आईची शिलाईची कात्री गेली. धार अशी उडाली की नंतर तिनं कागद पण कापेना. माय अजून बोलते त्यावरून.

आणखी एक माती आम्ही खाल्ली. केवलार ऊन सहन करत नाही, आणि आम्ही पट्टा हॉस्टेलच्या गच्चीवर आठ दिवस लटकवून ठेवला होता, एप्रिलचं जळगावचं ऊन, पिवळाधमक पट्टा खाकी झाला. टाकून दिला, नवीन मागवला.

गाठ मारायची नाही हे नानांनी सांगितलंच होतं, वाचलं तर तेच, गाठीच्या वळणात दोरीची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणजे टोकाला शिवलेला फासा पाहिजे. इथं साध्या टेलरचं मशीन चालत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या ताडपत्र्या शिवणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पट्टा दुमडला, चौकोन मारला, चौकोनात फुली मारली, जाड नायलॉन धाग्यानं, आणि कडेला सुई नेऊ देईनात. म्हणे काठावर टाका घातला की काठ कापला जातो, काठ हाच पट्ट्याचा जीव. पट्टा कुठं लावणार विचारलं, रॉकेट म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि चौथी ओळ स्वतःहून मारली. पैसे चाळीस रुपये.

पट्टा यू बोल्टला थेट घालायचा नाही, गज बारीक, त्यावर पट्टा घासतो आणि नंतर काढता पण येत नाही. मध्ये क्विक लिंक, म्हणजे साखळीच्या कडीसारखी कडी, एका बाजूला नटानं बंद होणारी. ती ऑनलाईन मागवली, दुकानात डी शॅकल, म्हणजे आडवी पिन घालून बंद होणारी कडी, मिळत होता पण त्याची पिन फिरून सुटते असं आम्हाला आपटताना दिसलं.

आणि मग चिकटवण्याचा दिवस. मे महिना, ४४ अंश. ३० मिनिटांचं एपॉक्सी आम्ही दुपारी कपात कालवलं आणि दहा मिनिटांत कप हातात धरवेना इतका तापला, काडी आत उभीच्या उभी अडकली, वर धूर. एपॉक्सी वाळताना स्वतःच तापतं, ढीग करून ठेवलं तर जास्त तापतं, तापलं की आणखी लवकर वाळतं, आणि बाहेर मे महिना. अर्धा किलो गेलं असंच. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला वर्कशॉप उघडून घेतलं, वॉचमनकाकांना चहा पाजून, आणि एपॉक्सी कपाऐवजी ताटलीत पसरून घेतलं, थोडं थोडं. नळी आतून आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चमक पूर्ण घालवली होती, स्पिरिटनं पुसली होती. रिंगच्या खालून आणि वरून, दोन्ही कडांना बोटानं गोलाई देत कोपरा भरला. २४ तास हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही म्हटलं आणि सहा वाजता मला आठवलं की क्विक लिंकचा नट मी हातानंच फिरवून ठेवलाय, पाना लावलेलाच नाही.

कडी आता नळीच्या तोंडापासून हातभर आत. टॉर्च मारला तर दिसतेय, पण माझा हात कोपराच्या पुढे जाईना. नानांचा बोर आठवला. टीममध्ये सगळ्यात बारीक हाताची जी पोरगी होती तिला हॉस्टेलवरून उठवून आणलं, ती बांगड्या काढून, खांद्यापर्यंत हात घालून, दोन बोटांत पाना धरून, न बघता अर्धा तास खपली. एपॉक्सी अजून ओलं, तिच्या मनगटावर त्याचा एक पट्टा आठवडाभर होता. नट बसला. त्यावर तिनंच नेलपेंट लावलं, म्हणजे सुटला तर रेघ तुटलेली दिसेल. ही आयडिया पूर्ण तिची, मी फक्त शिव्या खात होतो.

पण आम्ही एक गोष्ट नशिबानं बरोबर केली होती. केवलारचा तुकडा रिंग आत जायच्या आधीच यू बोल्टला लावलेला होता आणि त्याचं दुसरं टोक नळीच्या तोंडाबाहेर येत होतं. म्हणजे रोजचं जोडणं-सोडणं सगळं बाहेर, हातात, उजेडात. आतल्या कडीला परत हात लावायचं काम नाही.

पॅकिंगचं थोडक्यात सांगतो. नायलॉन पट्टा नागमोडी घड्या घालून दर घडीला मास्किंग टेपचा एक वेढा मारायचा, झटका आला की टेप एकेक करून फाटतात आणि थोडा थोडा जोर खातात. पॅराशूट नाकापासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे नाक आणि धड एका उंचीवर लोंबून एकमेकांना ठोकत नाहीत. पॅराशूटखाली न जळणारं कापड. लहान रॉकेटवाले त्याऐवजी आग न धरणारा कागदी भुसा भरतात, अमेरिकेत त्याला चक्क कुत्र्याची ओकारी म्हणतात, आणि हे कळल्यापासून आमच्या टीममध्ये मेसच्या उपम्याचं नाव बदललं.

ऑक्टोबरमध्ये भुसावळहून गाडी धरली, रॉकेट तीन तुकड्यांत, ब्लँकेटमध्ये गुंडाळून वरच्या बर्थवर, त्याच्या बाजूला मी जागा. टीसीनं विचारलं काय आहे, पाईप आहे म्हटलं. जळगावच्या पोरांकडे पाईप असणारच, तो पुढे गेला.

उड्डाण जवळपास १ किलोमीटरचं झालं. वर गेलं, ठिपका झालं, मग ठिपका वळला आणि काहीच नाही. एक सेकंद, दोन सेकंद. उशीर. ज्याचं गणित केलं होतं तेच. मग पांढरा धूर, आणि बऱ्याच वेळानं आवाज, कारण आवाजाला तिथून खाली यायला तीन सेकंद लागतात. पॅराशूट उघडलं आणि मी पॅराशूटकडे बघितलंच नाही, त्याच्या खाली बघत होतो. धड होतं. लोंबत, डुलत, अख्खं.

खाली आल्यावर पळत गेलो. नळीच्या तोंडाला चारेक सेंटिमीटरची चीर पडली होती, पट्ट्यानंच कागद कापत नेला होता, याला झिपर म्हणतात, वेगात असताना पॅराशूट उघडलं की होतं. पुढच्या वेळी तोंडाशी पट्ट्यावर जाड रबर गुंडाळायचं ठरलंय. टॉर्च मारून आत पाहिलं. यू बोल्ट जागच्या जागी, केवलार काळवंडलेलं पण धड, आणि नेलपेंटची रेघ तुटलेली नाही, लालच्या लाल.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा नानांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दोनदा पाहिला त्यांनी. मग विचारलं, "उरनी का काही दोरी?" तीन मीटर नायलॉन उरला होता, तो दिला. ताडपत्रीवाल्या मामांकडून दोन्ही टोकांना फासे शिवून आणायला लावले त्यांनी, चौथ्या ओळीसकट, आणि आता तो पाणबुडी मोटरच्या कानांत अडकवलाय, वर जुना दोर, बोरच्या आत तीनशे फुटांवर. मोटर पाच एचपीची आहे.